सबब गरज नाही

प्रशिक्षण वसतिगृह,
२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि ती. आईला वेगळा, पायापर्यंत वाकून केलेला.

पोचलो. पालिकेने मला तीन महिने 'काळजी घेणारी, समतेची शहरं' हा विषय शिकायला पाठवलंय, हे तू अजूनही शेजारीपाजारी हसत हसत सांगत असशील. पण इथे आल्यावर हसू येत नाही, आपल्या शहराची लाज वाटते. इथे बस थांब्याला लागली की एका अंगाला कलते, म्हातारं माणूस पाय न उचलता आत जातं. रस्ता ओलांडायचा हिरवा दिवा काठीवाल्या आजी पलीकडे पोचेपर्यंत हिरवाच राहतो. बाकांना हात आहेत, उठताना धरायला. सार्वजनिक स्वच्छतागृहात आधाराची दांडी आहे, आणि आश्चर्य म्हणजे ते उघडंही असतं. मी त्याचे फोटो काढले. आत जे गृहस्थ होते त्यांनी जरा आक्षेप घेतला.

आमच्या मुख्य बाई सांगतात की घरात कोणी कोणाला उठवतं, भरवतं, धुतं, ते सगळं कामच आहे. त्याला हजेरी नाही म्हणून ते शहराला दिसत नाही. पालिकेने रस्ता आखायच्या आधी विचारावं, की इथून कोण कोणाला घेऊन जाणार आहे? मला हे इतकं पटलं की मी ते दोनदा लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

आता तुझ्या कामाची बातमी. आपल्या गल्लीच्या टोकाला पाणीपट्टीचं जे बंद ऑफिस आहे, तिथे 'दिवसघर' करायचा माझा प्रस्ताव साहेबांनी पुढे सरकवलाय. म्हातारी माणसं, आजारी माणसं, मदत लागणारी मुलं, सगळ्यांना सकाळी तिथे सोडायचं, संध्याकाळी घरी न्यायचं. म्हणजे आई तिथे आणि तू परत लॅबमध्ये तुझ्या कवळ्यांकडे! आधी एक जनसुनावणी होईल. तिची सूचना मी निघण्यापूर्वी स्वतः तयार करून दिली आहे, लवकरच घरी येईल. तू नक्की जा आणि चार शब्द बोल. दिवसघर मंजूर झालं की नवा 'काळजी कक्ष' निघेल आणि परत आल्यावर त्याचा प्रमुख कोण, हे मी लिहीत नाही, दृष्ट लागते.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. आईने निघताना बजावलंय की टेलिफोनच्या ऑफिसात तिने जन्मभर दुसऱ्यांच्या तारा जोडल्या, आता तिच्या कानाला ते यंत्र लावायचं नाही. काय ते पत्रात लिहायचं आणि तू मोठ्याने वाचायचं. तिला औषधं वेळेवर दे. देतेसच, पण लिहिल्याशिवाय मला काळजी घेतल्यासारखं वाटत नाही.

लोभ आहेच, त्यात जमेल तशी भर घालावी.
तुझा,
भाऊ


घर,
९ जून

चि. भाऊसाहेब यांस,
अ. आ. आणि दुरून एक टपली.

पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. स्वच्छतागृहातल्या गृहस्थांपाशी ती इतकी हसली की तोंडातलं पाणी माझ्या अंगावर. झटका आल्यापासून डावी बाजू हसत नाही, पण उजवीने ती दोन्हीकडचं काम भागवते. तिचा निरोप असा की तू तिथे बाकांचे हात मोजून आलास की इथे येऊन तिचा हात धर.

तुझी बस कलते हे वाचून आनंद झाला. आपल्याकडेही प्रगती आहे. गल्लीत नवा फूटपाथ झाला आणि त्याला चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलाय, अगदी गुळगुळीत. उतार संपतो तिथे बरोबर मध्यभागी विजेचा खांब आहे. मी आईला घेऊन वर चढते, दोघी खांबापुढे क्षणभर उभ्या राहतो आणि उलट्या पावली खाली येतो. खालची शिवणवाली तिच्या मुलाला घेऊन तेच करते. तो आता बारा वर्षांचा झाला, पण पाय अजून धरत नाहीत त्याचे. येताजाता खांबाला सलाम ठोकतो.

आता तुझी सूचना. आली. भाषा ओळखीची वाटली, 'कृपया' फार वेळा आहे. काळजी घेणाऱ्या नागरिकांनी बुधवारी, भर कामाच्या वेळी, मुख्य इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हजर राहून आपली गरज मांडावी. लिफ्ट दुरुस्तीत आहे, तरी कृपया सहकार्य करावं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: सभागृहात लहान मुले, रुग्ण व परावलंबी व्यक्तींना आणू नये, कृपया शांतता राखावी.

मी हे तीनदा वाचलं. मग आईकडे पाहिलं. मग परत वाचलं. बाळा, ज्यांच्या अंगावर दिवसभर एक माणूस आहे त्यांनी यायचं, आणि ते माणूस घरी ठेवून यायचं. कोणाकडे? त्याच्यासाठीच तर दिवसघर मागायला यायचंय ना? तुझ्या मुख्य बाईंनी याला काय नाव दिलंय ते कळव, मीही दोनदा लिहून ठेवते.

खरं सांगायचं तर मला जायचं आहे. दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता. त्या चांगल्या आहेत, थंडीपासून माझी जागा राखून बसल्या आहेत. पण जुलैअखेर मी आले नाही तर माझ्या स्टुलावर नवी मुलगी बसवणार, त्यांचाही इलाज नाही. रात्री भांडी घासताना माझी बोटं आपोआप मेणाला आकार दिल्यासारखी साबणाची वडी दाबत बसतात. हे आई झोपल्यावर लिहिलंय, तिला वाचून दाखवलेलं नाही.

तेव्हा ती सूचना बदल. वेळ आहे अजून.

लोभ असावा, नसल्यास निदान उत्तर असावं.
ताई


प्रशिक्षण वसतिगृह,
१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, टपली लागली. पण तू समजतेस तसं नाही. सूचना मी मनाने लिहिली नाही. बांधकाम परवान्यांच्या सुनावणीचा जो छापील मसुदा आहे तोच वापरावा लागतो, मी त्यात 'बांधकाम'च्या जागी 'काळजी' घातलं. मुलांना आणू नये हे तेव्हापासून आहे, कारण एकदा कोणाचं तरी मूल रडलं आणि सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं. आता सूचना निघून गेली, बदलायची तर फाईल परत खालून वर न्यावी लागेल. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. मास्तर आहेत समोर, त्यांना बसव आईजवळ.

इथे परवा फार विलक्षण अनुभव आला. आम्हा सगळ्यांना पाळीपाळीने चाकाच्या खुर्चीत बसवून शहरात फिरवलं. तासाभराने मी उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. सोबत फोटो पाठवतोय. खुर्ची चांगली आहे, मऊ आहे. आईला दाखव.

आईने व्यायाम चुकवू नये.

तुझ्या टपलीसह लोभ स्वीकारतो.
भाऊ


घर,
२७ जून

चि. भाऊसाहेब यांस,
आशीर्वाद आहेत, पण आज घाईत नाहीत, सावकाश पाठवते.

फोटो पाहिला. आईचं म्हणणं, तू खुर्चीत फार शोभतोस, उठायला नको होतं.

सुनावणी झाली. मी गेले नाही. मास्तरांना बसवायचं तू सुचवलंस, पण मास्तरांच्या बायकोला आता मास्तरच ओळखू येत नाहीत. ते तिला कोणाकडे बसवणार होते? आईकडे बसवू म्हणाले. म्हणजे अर्धं अंग चालत नाही ती आणि सगळं डोकं चालत नाही ती, दोघींनी एकमेकींकडे पाहायचं आणि आम्ही दोघांनी गरज मांडायला जायचं. आईला कल्पना आवडली होती. माझीच छाती झाली नाही.

शिवणवाली मात्र गेली. मुलाला घेऊन जिन्याच्या पायथ्याशी पोचली. रखवालदाराने सांगितलं की मुलाला वर न्यायची परवानगी नाही. तिने विचारलं, मग खाली तू सांभाळशील का? तो म्हणाला, ते त्याचं काम नाही. ती परत आली, आणि वाटेत खांबाला सलाम ठोकून आली.

सभागृहात हजर कोण, तर आपले नगरसेवक कात्री (अजून स्वतःची कात्री खिशात ठेवतात, कुठे फीत दिसली तर पंचाईत नको), तुझे उपसाहेब, एक ठेकेदार, आणि चहा असेल त्या प्रत्येक सभेला येणारे ते दोन निवृत्त गृहस्थ. मास्तरांनी चौकशी करून निकाल आणला. उपसाहेबांनी लिहिलंय: एकाही काळजीवाहू व्यक्तीने उपस्थित राहून गरज व्यक्त केली नाही, सबब गरज नाही.

सबब गरज नाही! आईला उचलताना हे म्हणून पाहिलं मी. उचलली गेली नाही.

आता पाणीपट्टीच्या ऑफिसात 'काळजी दालन' होणार आहे. आत चित्रं, आणि दाराशी पुतळा. एका बाईच्या एका हातावर म्हातारं माणूस, दुसऱ्यावर मूल, आणि चेहऱ्यावर समाधान. बाई निवडली चांगली. दगडाची आहे, पगार मागणार नाही, नोकरीवर जाते म्हणणार नाही, आणि तिचा खांदा दुखला तरी कळणार नाही कोणाला.

भाऊ, थट्टा पुरे. काही कायमचं ठरायच्या आत तू मोठ्या साहेबांना लिही, की सूचनाच चुकली होती, लोक येऊच शकत नव्हते, सुनावणी परत घ्या. तू लिहिलंस तरच होईल, कारण ती तुझी आहे. जुलै संपायला फार वेळ नाही. जागा गेली तर मला दुसरीकडे कोण घेणार या वयात? आणि घेतलं नाही तरी ठीक, पण मग मी कोण, ते मला सांगता येत नाही.

लोभ राहू दे बाजूला. पत्र लिही.
ताई


प्रशिक्षण वसतिगृह,
३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढचं आईला वाचून दाखवू नकोस.

मी विचार केला. साहेबांना असं लिहिणं म्हणजे काळजी कक्षाच्या होणाऱ्या प्रमुखाला काळजीतलं काही कळत नाही असं त्यानेच लेखी देणं. उपसाहेब टपून बसलेत त्या खुर्चीवर. एकदा मी प्रमुख झालो की दिवसघर करीनच, पुढच्या वर्षी, नीट, जोरात. तोवर थोडं थांबायला हवं.

आणि मनापासून सांगू का? तू नोकरी सोडलीस तरी बिघडत नाही. घरखर्चाला मी आहे. आईला तुझ्या हाताची सवय आहे, परकं माणूस तिला चालणार नाही. कवळ्या काय, दुसरं कोणीही करेल. आईचं दुसरं कोणी करणार नाही. तू जे करतेस ते किती मोठं आहे हे इथे येऊन मला कळलं, आमच्या वर्गात मी तुझं उदाहरण दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रागावू नकोस.
लोभाची गरज आहे, सबब तो असावा.
भाऊ


८ जुलै

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद. हे आईचं पत्र. अक्षर मास्तरांचं आहे. ताई औषधं आणायला गेली आहे.

परवा ताई तुझं पत्र वाचायला लागली, लागताच थांबली आणि म्हणाली की पुढे नुसतं हवापाणी आहे. तू हवापाणी कधीपासून लिहायला लागलास? मी रात्रभर विचार केला. आज मास्तरांना तिच्या उशीखालून ते पत्र काढायला लावलं आणि वाचून घेतलं.

बाळ, तू गाढव आहेस. मास्तर हा शब्द लिहायला तयार नाहीत, त्यांनी 'अविचारी' लिहिलं होतं, मी खोडायला लावलं.

मला ताईची सवय आहे असं तू लिहितोस. मला विचारलंस? ताई माझ्याकडे दिवसभर दुधावर लक्ष ठेवल्यासारखी बघत असते, आत्ता उतू जाईल की काय म्हणून. मला धड खोकता येत नाही. ती हसून बोलते, पण कपाट उघडून लॅबचा तो पांढरा कोट बघते आणि परत बंद करते. मला वाटतं माझा पाय तिच्या कोटावर पडलाय आणि मला तो उचलता येत नाही. चांगला पाय असता तर उचललाच असता.

आणि दिवसघर ताईसाठी हवं हे तुला कोणी सांगितलं? मला हवंय. मला चार नवी माणसं पाहिजेत भांडायला. ऑफिसात आम्ही एका खोलीत कितीजणी असायचो, सगळ्या एकाच वेळी बोलायचो. इथे छताला एक पाल आहे, ती बोलत नाही. मास्तरांची बायको परवा इथे बसली होती तर मला तिची मैत्रीण समजून तिने तिच्या लहानपणच्या सगळ्या चहाड्या सांगितल्या. इतकी मजा मला वर्षात आली नव्हती. उद्या ती विसरेल आणि परत सांगेल, मला चालेल.

तुझ्या सूचनेत लिहिलंय परावलंबी व्यक्तींना आणू नये. ती मीच ना? मी तिथे आले असते तर तुझ्या साहेबांना गरज समजावायला भाषण लागलं नसतं.

टाळ्यांबद्दल लिहिलंस. ताईला टाळ्या नकोत. आज रात्री जेवण्याआधी साहेबांना पत्र लिही. खुर्ची गेली तर जाऊ दे, तुला बसायला माझी आहे, मऊ नाही फार.

मास्तरांचा नमस्कार. त्यांनी मजकुराची जबाबदारी घेतलेली नाही.
आई


प्रशिक्षण वसतिगृह,
१३ जुलै

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लिहिलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. जेवण नंतर केलं, फारसं गेलं नाही.

साहेबांना कळवलं की सूचना मी काढली, चूक माझी, आणि कोणी आलं नाही याचा अर्थ गरज नाही असा नसून गरज इतकी आहे की येता आलं नाही, असा आहे. उलट निरोप आला की एवढी हौस असेल तर सुनावणी तुम्हीच परत लावा, तिथूनच. तेव्हा गुरुवारी २१ तारखेला, संध्याकाळी, आपल्याच गल्लीत, पाणीपट्टीच्या ऑफिसात. पायरी नाही तिथे. या खेपेची सूचना कोऱ्या कागदावर लिहिली: ज्यांची काळजी घेता त्यांना सोबत आणावे, बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा. मुलं रडली तर रडू द्यावीत. दोन कारकून मदतीला असतील. त्यांना हे काम कधी सांगितलेलं नाही, सांभाळून घ्या.

उपसाहेबांनी फोनवर अभिनंदन केलं. इतक्या आनंदात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ताईला मी काय लिहू ते सुचत नाही. कवळ्यांबद्दल जे लिहिलं ते तिने वाचायच्या आधी परत घेता आलं असतं तर बरं होतं.

तुझा,
बाळ (मास्तरांनी खोडलेला शब्दही चालेल)


घर,
२२ जुलै

चि. भावास,
अ. आ. या खेपेला पुरे पाठवते.

गुरुवारचं सगळं लिहिते, आई पुन्हा ऐकायला बसली आहे आणि मी काही गाळलं तर उजव्या हाताने खाटेवर आपटते.

ऑफिसभर धूळ होती, पण माणसं मावेनात. आपल्या आसपास एवढे लोक घरात कोंडलेले आहेत हे मलाच माहीत नव्हतं. मागच्या चाळीतली एक बाई नवऱ्याला घेऊन आली, त्याला ती बाहेर आणते आहे हेच त्याला खरं वाटेना, तो सारखा ट्यूबलाइटकडे बघून हसत होता. तुझे दोन कारकून सुरुवातीला भिंतीला पाठ लावून उभे होते, जसे काही रांगेत आता त्यांनाच टोचणार आहेत. मग शिवणवालीने एकाच्या हातात मुलाचा पाण्याचा पेला दिला आणि कसा धरायचा ते दाखवलं, तसा तो माणसात आला. ती उभी राहून एवढंच म्हणाली, की मुलगा दरवर्षी वाढतो आणि तिची पाठ वाढत नाही. आणि बसली.

मास्तरांच्या बायकोने शिरता शिरताच नगरसेवक कात्रींचा हात धरला. तिला ते तिचे धाकटे भाऊ वाटले. इतकी वर्षं कुठे होतास, घरी सगळे वाट बघून थकले, असं म्हणून रडायला लागली. त्यांनी हात सोडवायचा एकदा प्रयत्न केला, मग सभा संपेपर्यंत तसेच बसले. मध्येच तिला स्वच्छतागृहात जायचं होतं. ते बंद. किल्ली मुख्य इमारतीत, ज्याच्याकडे आहे तो घरी गेलेला. कात्री तिला घेऊन दोन इमारती फिरून आले. आल्यावर घाम पुसत त्यांनी जाहीर केलं की दुसरं काही होवो न होवो, आधी हे उघडलं पाहिजे. आणि सवयीने खिशातून कात्री काढली. कापायला काही नव्हतं, परत ठेवली.

मग उपसाहेबांनी घसा साफ करून विचारलं की परावलंबी व्यक्तींची नेमकी व्याख्या काय धरायची. आईने मला खुर्ची पुढे न्यायला सांगितली. तिने त्यांना विचारलं, चहा तुम्हाला कोणी आणून दिला? फाईल कोणी उचलून आणली? गाडीचं दार कोणी उघडलं, सकाळी डबा कोणी भरला? ते प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत गेले, सवय नसताना. शेवटी आई म्हणाली की तिला नुसतं एकाच बाजूने उचलावं लागतं, तर परावलंबी कोण ते त्यांनीच लिहावं. हसून हसून लोकांच्या खुर्च्या वाजल्या. तुझं रेकॉर्डिंग बहुतेक वाया गेलं असेल.

दिवसघर मंजूर. पहिल्या तारखेला सुरू, कारण कात्रींना आता थांबवत नाही. पुतळाही होणारच आहे, त्याची ऑर्डर आधीच गेली. तो दाराबाहेर उभा राहील.

आता पुढचं. वेळ अकरा ते पाच ठेवली आहे, कारण पालिकेचे कर्मचारी त्याआधी येत नाहीत. जगात म्हातारी माणसं अकरालाच म्हातारी होतात असा त्यांचा अनुभव असावा. माझी लॅब नऊला उघडते. पाच ते सहा शिवणवाली आईला तिच्याकडे बसवते म्हणाली. सकाळचं कोणाकडे नाही. मालकीणबाईंना मी त्याच पहिल्या तारखेला, सोमवारी, नऊला येते असं सांगून टाकलं आहे. कसं, ते सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नाही. एरवी मीच काहीतरी जुळवलं असतं. या खेपेला जुळवत नाही. तू सांग.

कवळ्यांबद्दल तू लिहिलंस ते वाचलं होतं मी. कोणीही करेल, खरं आहे. मला करायच्या आहेत, एवढंच.

लोभ आहे. फुकट आहे असं समजू नये.
ताई


प्रशिक्षण वसतिगृह,
२७ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सकाळी अकरापर्यंत मी.

ऑफिसला अर्ज केला होता, की रोज उशिरा येऊ द्यावं, संध्याकाळी भरून देईन. नव्या काळजी कक्षाकडून लगेच मेलवर उत्तर आलं. शिक्का माझ्याच पसंतीचा आहे, दोन ओंजळींचं चित्र. खाली लिहिलंय: अर्जदाराच्या घरी बहीण उपलब्ध असल्याने विनंती अमान्य.

ते वाक्य मी इथे वर्गात वाचून दाखवलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मुख्य बाईंनी फक्त विचारलं, हे लिहिणाऱ्याने हाच अभ्यासक्रम केलाय का? मी म्हटलं, नाही, पण केला असता तरी लिहिलं असतं. मीही लिहिलं होतं. वेगळ्या शब्दांत, तुला.

अभ्यासक्रम महिनाभर आधी सोडतोय. प्रमाणपत्र मिळणार नाही. कक्षाचे प्रमुख उपसाहेब झाले, आजच कळलं. मी त्यांच्या हाताखाली. रोज आईला दिवसघरात सोडून अकरानंतर पोचणार आणि रोज माझ्या नावापुढे उशिराची खूण पडणार. पडू दे. कधीतरी ते कारण विचारतील आणि मी रोज तेच सांगेन, तोंडी आणि लेखी. दिवसघर आठला उघडेपर्यंत सांगेन.

एक विचारायचं आहे, हसू नकोस. मला आईला उचलता येत नाही. खुर्चीत बसून रडता आलं, पण तिला खुर्चीत बसवायचं कसं ते मला ठाऊक नाही. आणि आंघोळीचं कसं? तिला लाज वाटेल का? मला वाटते आहे. तिला विचारून ठेव.

रविवारी संध्याकाळी पोचतो.
लोभाला पात्र होईपर्यंत उसना द्यावा.
भाऊ


सोमवार, १ ऑगस्ट
सकाळ, स्वयंपाकघरात

चि. भावा,

आशीर्वाद. काल बोलू म्हटलं तर आई मध्ये मध्ये हसवत होती, म्हणून लिहिते. सवय लागली आहे.

आंघोळ माझ्याकडे, मी पहाटे उरकली आहे. तिनेच तसं सांगितलं, आणि वर म्हणाली की लाज दोघांनाही वाटते हे ऐकून बरं वाटलं, निदान एक गोष्ट तरी मायलेकांत सारखी आहे. बाकी सगळं तुझं. व्यायामाला ती टाळाटाळ करेल, गोष्टी सांगायला लागेल, त्या ऐक पण पाय हलवत राहा. उतारावरून जाऊ नकोस, रस्त्याच्या कडेने जा. पालिकेत तुझी ओळख असेल तर त्या खांबाचं बघ.

मघाशी तू तिला पहिल्यांदा उठवलंस तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तुझा हात चुकीच्या जागी होता. मी आत येणारच होते, पाय उचललाही होता. तेवढ्यात आईने तुला सांगितलं, हात खाली घे, कंबरेला, आणि ओढू नकोस, तिच्याबरोबर उठ. तू हात खाली घेतलास. ती उठली. थोडी कलली, पण उठली. मला वाटलं होतं अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. कोणीतरी माझ्या जागेवर बसल्यासारखं झालं. इतके महिने मला वाटत होतं की ते मीच करू शकते. तुम्ही सगळे म्हणत होतात आणि मी चिडत होते, पण आतून मलाही तसंच वाटत होतं. मग जाऊन कोट घातला. जरा सैल होतो आहे.

आत्ता आतून तुमचा आवाज येतोय. ती तुला चमचा पेनासारखा का धरतोस म्हणून रागावते आहे आणि तू ऐकून घेतो आहेस.

काही अडलं तर मला लॅबमध्ये फोन लावू नकोस. आईला विचार. तिथेच आहे ती.

निघाले.
ताई